श्वासापुरता मजकूर

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी औषधाच्या दुकानातून परत आलो, आणि दार उघडताच आतून एका बाईचा आवाज ऐकू आला. घरी कुणी आलंय असं वाटून मी चपला काढता काढता थांबलो. अनोळखी बाईसमोर एकदम जायला मला अजूनही अवघड वाटतं, वयाची चौऱ्याहत्तर वर्षं झाली तरी. आवाज सपाट होता, कुठेही न अडखळणारा, जरा परक्या वळणाचा. मग लक्षात आलं की ती बाई वाचते आहे, आणि जे वाचते आहे ते माझ्या ओळखीचं आहे. मोजणीदार नदीच्या काठाने चालतो आहे, पाणी कुठे उथळ आहे ते बघतो आहे, पलीकडच्या वाळूवर कुणीतरी मडकी पालथी घालून ठेवली आहेत. असा तो परिच्छेद होता. मध्येच ती ‘दोनशे अठरा’ म्हणाली आणि पुढे वाचत राहिली. पानाचा आकडा होता तो. तिने तोसुद्धा सोडला नाही. आणि आदल्या संध्याकाळी वाचून दाखवताना मी याच पानावरचा तो अख्खा परिच्छेद गाळला होता.

मी आत गेलो तेव्हा मंदाकिनी, माझी बायको, खुर्चीत बसली होती आणि मोबाइल तिच्या मांडीवर उताणा पडला होता. माझी चाहूल लागताच तिने अंगठ्याने चाचपून तो आवाज बंद केला. वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. मग तिने विचारलं, औषध मिळालं का. मी मिळालं म्हणालो. ती म्हणाली, सलिलने, म्हणजे माझ्या भाच्याने, परवा आपलं ते पुस्तक कुठूनतरी शोधून मोबाइलमध्ये घालून दिलंय, कुणा जुन्या ग्रंथालयाची प्रत आहे, बाई बरी वाचते, फक्त जोडाक्षरं चावते. एवढंच. त्यानंतर तिने चहाचं विचारलं. मी स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं आणि गॅसपाशी उभा राहिलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की औषधाची बाटली अजून माझ्या हातातच आहे. तिला कळलं का? नुसतं वेळ घालवायला म्हणून ऐकत होती, की मी वाचलेलं ताडून पाहत होती? तिच्या आवाजावरून काही ठरवता येत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला तिच्या आवाजावरून कधीच काही ठरवता आलेलं नाही. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. चुकलेल्या मुलीला ती रागावत नसे. फक्त नकाशासमोर उभं करून ठेवी, आणि मुलीलाच आपली चूक सापडेपर्यंत वाट पाही.

तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांचा मध्य गेला. पूर्ण अंधार नाही. समोर पाहिलं तिथे एक करडा डाग येतो, कडेकडेचं दिसतं. माणसाचा चेहरा दिसत नाही, कान दिसतो. पुस्तकाचं पान दिसतं, अक्षरं दिसत नाहीत. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच ते सहा मी तिला वाचून दाखवतो. हे कुणी ठरवलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी ती वर्तमानपत्र हातात घेऊन बसली आणि बराच वेळ तिने पान उलटलं नाही, तेव्हा मी ते तिच्या हातातून घेतलं आणि अग्रलेखापासून सुरुवात केली. नंतर पुस्तकं आली. मला दुसरं काही येत नाही. मी कधी तिला फिरायला नेलं नाही, चार माणसांत तिचं कौतुक केलं नाही, दागिना आणला तोही तिनेच सांगितलेल्या दुकानातून, तिने सांगितला तोच. पण मोठ्याने वाचणं हा माझा पेशा होता. छापखान्यात मी पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली, आणि त्यातली पहिली कितीतरी वर्षं मी लेखकाचं हस्तलिखित मोठ्याने वाचायचो आणि समोर माझा सहकारी दशरथ छापलेल्या कागदावर पेन्सिल धरून ऐकायचा. माझ्या वाचण्यात आणि त्याच्या कागदात फरक पडला की तो नुसतं बोट वर करायचा. मी थांबायचो. आम्ही दोघं दिवसाला सोळा सोळा पानं अशी काढत असू, आणि त्यात गप्पा अशा दहा वाक्यांच्याही होत नसत. मला ते फार आवडे. माणसाबरोबर बसून, न बोलता, दिवसभर बोलत राहण्याची ती एकच रीत मला माहीत होती. ती पुढे संध्याकाळी पाच ते सहा या वेळात मला पुन्हा मिळाली, असं मला वाटलं होतं.

ही कादंबरी तीन खंडांची आहे. ब्रिटिश अमलातला एक मोजणीदार गावोगाव साखळी घेऊन जमीन मोजत फिरतो, एवढीच गोष्ट. लेखकाला नद्या, ओढे आणि डोंगरउतार यांचा फार सोस. दीड दीड पानांचे परिच्छेद आणि एकेक वाक्य दहा ओळींचं. मंदाला हे पुस्तक तेवढ्यासाठीच हवं होतं. पहिला खंड नीट झाला. दुसऱ्या खंडात, जानेवारीच्या सुमारास, माझा घसा मधेच कोरडा पडायला लागला. आधी खवखव, मग छातीत मधोमध एक घट्टपणा, जणू कुणी आतून बनियन ओढून धरलंय. लांब वाक्याच्या शेवटापर्यंत दम पुरेना. वाक्याच्या मध्यावर श्वास घेतला की खोकला यायचा, आणि एकदा आला की पाच मिनिटं थांबायचा नाही. एकदा असं झालं, दुसऱ्यांदा झालं, आणि तिसऱ्या वेळी समोर लांबलचक परिच्छेद येताना दिसला तेव्हा मी तो सोडून दिला. हे मला फार सहज जमलं, हे सांगताना लाज वाटते. मजकूर कसा सुटतो हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं. दोन ओळींच्या शेवटी एकच शब्द आला की खिळे जुळवणाऱ्याचा डोळा वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर उडी मारतो आणि मधला मजकूर गळतो. सांधा इतका बेमालूम बसतो की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. मी असेच सांधे शोधायला लागलो. वरच्या परिच्छेदात ‘पलीकडे’ आलंय, खाली कुठे ‘पलीकडे’ आहे का? आहे. मग मधल्या बावीस ओळी गेल्या. पस्तीस वर्षं जे पकडलं तेच मी आता करत होतो, आणि चांगलं करत होतो. फेब्रुवारीत मी किती पानं गाळली ते मी मोजलेलं नाही. मोजलं असतं तर थांबावं लागलं असतं.

खोकल्याचं कारण मला माहीत होतं की नव्हतं? याचं खरं उत्तर देणं मला जमत नाही. सिगरेट मी दशरथबरोबर शिकलो. छापखान्यात कागद, म्हणून आत बंदी. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं मागच्या जिन्यावर उभे राहून एकेक ओढायचो. पुढे दशरथने एका दिवशी सोडली, त्याच्या पद्धतीने, काही न सांगता. पाकीट माझ्या हातात दिलं आणि परत कधी मागितलं नाही. मी दिवसाला चारवर राहिलो. मंदाला ते पसंत नव्हतं, पण माहीत होतं. मग तिचे डोळे गेले, आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, घरात धूर नको, उरलंय तेही जाईल. मी त्याच संध्याकाळी तिला म्हणालो की मी सोडली. ती म्हणाली, “बरं झालं.” आयुष्यात मी तिच्यासाठी एक गोष्ट केली ती ही, असं तिला वाटत असणार. आणि ती मी फक्त सात महिने केली. नंतर कोपऱ्यावरच्या टपरीवर एक, मग दोन, वर बडीशेप आणि लवंग. गेल्या दिवाळीत माझा भाचा सलिल वाघोलीहून फराळाला आला असताना त्याने मला टपरीवर गाठलं. तो एका कंपनीत आहे, चाळिशीला आलाय, पण मला पाहून तोच जास्त ओशाळला. म्हणाला, “मामा, हे काय, या वयात चोरून? थांबा, तुम्हाला एक गोष्ट देतो. धूर नाही, राख नाही, मामीला वास यायचा प्रश्नच नाही.” आणि पुढच्या खेपेला त्याने ती नळी आणून दिली. जाड पेनाएवढी, काळी, तोंडाकडे चपटी. आत रसायनाचा द्राव, तो तापून वाफ होते, ती ओढायची. आपल्याकडे ती विकायला बंदी आहे हे त्याने मला सांगितलं नाही. मी वर्तमानपत्रात वाचलं, तोपर्यंत सवय लागली होती. मुद्रितशोधकाने बेकायदा वस्तू खिशात बाळगावी याचं मला काही दिवस फार वाटलं. नंतर कमी वाटलं.

तर त्या मोबाइलमधल्या बाईचा आवाज ऐकल्यावर मी जे केलं ते असं. नळी सोडली नाही. खोकला शोधायला बसलो. मुद्रित तपासताना एकाच वेळी दोन चुका शोधायच्या नसतात. एकदा काना-मात्रा, एकदा विरामचिन्हं, एकदा नुसते आकडे, असं जावं लागतं. तसंच मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची ठरवली. पहिल्या आठवड्यात उशी बदलली. मग पंखा बंद ठेवला. गॅलरीत कबुतरं येतात, त्यांच्या पिसांनी आणि घाणीने छाती धरते असं वाचलं, म्हणून जाळी लावून घेतली. थंड पाणी बंद, ताक बंद. सलिलला फोन केला, तेव्हा तो म्हणाला की द्राव बदलून पाहा, पुदिन्याचा घसा सोलतो, आंब्याचा घ्या. लहान झुरके घ्या, लागोपाठ ओढू नका, आतली तार करपली असेल तर वाफही करपट येते, ती तार बदला. आणि पाणी प्या, हे घसा फार कोरडा करतं. मी तेही सगळं केलं. आंब्याच्या द्रावाने चार दिवस बरं वाटलं आणि पाचव्या दिवशी आणखी वाईट. मी त्याला परत फोन केला तर तो म्हणाला, मग निकोटिनची मात्रा कमी करू. मात्रा कमी केली, तर मी दुप्पट वेळा ओढायला लागलो. प्रत्येक बदलानंतर मी एका संध्याकाळी वाचून पाहायचो, आणि कुठल्या ओळीवर दम संपतो ते पेन्सिलीने पुस्तकात बारीक टिंब करून ठेवायचो. टिंबं वर वर सरकत होती.

आणि उदबत्तीचं सांगायचं राहिलं. ते मी टाळतो आहे असं दिसतं. मार्चच्या शेवटी मी मंदाला म्हणालो की तुझ्या उदबत्तीने मला खोकला येत असावा. मी खरंच तसं वाचलं होतं, आणि ते खोटंही नाही; पण ती गेली चाळीस वर्षं देवासमोर एकच बारीक उदबत्ती लावते, आणि मला त्याने कधी काही झालं नव्हतं. डोळे गेल्यापासून तिला त्या वासावरून देव्हारा सापडायचा. तिने काही वाद घातला नाही. “बरं,” म्हणाली, आणि पुडा शेजारच्या मुक्ताईंना देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, ती हात पुढे करून भिंतीच्या कडेकडेने देव्हाऱ्यापर्यंत गेली आणि निरांजनाला तिचा धक्का लागला. मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी वाचतच राहिलो. त्यानंतर मी गॅलरीत गेलो, नेहमीसारखा दाराच्या डाव्या बाजूला, तिच्या खुर्चीच्या समोर येणार नाही असा कोपऱ्यात उभा राहिलो आणि दोन झुरके घेतले. उदबत्ती बंद होऊन आठ दिवस झाले, खोकला होता तसाच राहिला, आणि मी तिला पुन्हा लाव म्हणालो नाही, कारण तसं म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग कशाने होतोय?

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी पुस्तक उघडलं तर ती म्हणाली, आज राहू दे. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली की तुम्हाला त्रास होतो, मी ऐकते त्या बाईचं. हे तिने अगदी साधेपणाने म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पाच वाजता मी पुस्तक घेऊन आलो तेव्हा ती बाई वाचत होती, आणि मंदा डोळे मिटून ऐकत होती. मी माझ्या खुर्चीत बसलो. काही वेळ मीही पुस्तक उघडून त्या बाईच्या मागोमाग ओळींवरून बोट फिरवत राहिलो, दशरथ बसायचा तसा. तिच्याकडून एकही शब्द सुटला नाही. वर करायला बोट मिळालं नाही. तिला श्वास घ्यावा लागत नव्हता. मग मी पुस्तक मिटलं, आणि बसून काय करायचं ते मला सुचेना. उठलो असतो तर राग दिसला असता. बसून राहिलो तर कशासाठी बसलोय हे दिसत होतं. मला वाटलं, हा एक तास गेला तर आमच्या दोघांमध्ये औषधं, दूध आणि लाइटबिल एवढंच उरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

या डॉक्टर म्हणजे चैताली, दशरथची मुलगी. पेठेतच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे तिचा दवाखाना आहे, आणि मी इतके दिवस तिच्याकडे गेलो नव्हतो तो तेवढ्यासाठीच. दशरथने तिला डॉक्टर करण्यासाठी रात्रपाळ्या केल्या. त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातलं बाकी सगळं गेलं आणि पुस्तकं आली, असं तो म्हणायचा. कुणाच्याही घरी गेला तर आधी कपाटाकडे पाहायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. दवाखान्यात मला एक छापील अर्ज भरायला दिला. वय, वजन, मधुमेह, रक्तदाब. धूम्रपान करता का: हो, नाही. मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. मला असं वाटलं, आणि हे मी प्रामाणिकपणे सांगतो, की नळीत धूर नसतो, वाफ असते. तेव्हा ज्या अर्थाने हा शब्द इथे छापला आहे त्या अर्थाने उत्तर ‘नाही’ असं येतं. मी ‘नाही’वर खूण केली. आधी ओढत होता का, याच्यासमोर ‘हो, सोडली’ असं लिहिलं. मग आतल्या खोलीत एका मुलीने माझ्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि म्हणाली, जोरात फुंका आजोबा, अजून, अजून, अजून, सोडू नका. मी सोडलं. तीनदा केलं, तीनदा सोडलं.

चैतालीने छातीचा फोटो उजेडासमोर धरून पाहिला, आलेख पाहिला, मग माझा अर्ज पाहिला. ती बापासारखी कमी बोलते. अर्जाच्या ओळींवर बोट ठेवत खाली खाली आली आणि थांबली. म्हणाली, “काका, फोटो साफ आहे. मोठं काही दिसत नाही. पण श्वासनळ्या सुजल्यात, आणि या वर्षीच सुजल्यात. तुम्ही लिहिलंय त्यात आणि या कागदात मेळ बसत नाही. मधलं काहीतरी सुटलंय.” तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, अर्जावरचं बोट फक्त तिथेच ठेवलं. मी खिशातून नळी काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं, ती रागावेल, किंवा हसेल. तिने ती उचलून वास घेतला आणि बाजूला ठेवली. दिवसातून किती वेळा, कधीपासून, द्राव कुठून आणता, असं एकेक विचारून लिहून घेतलं. मी तिला सगळे प्रयोग सांगितले, उशी, पंखा, कबुतरं, ताक, तार, आंबा. ती लिहिता लिहिता म्हणाली, “म्हणजे ही सोडून सगळं बदलून पाहिलंत.” मी हो म्हणालो. यातला कुठला द्राव आपल्याला चालेल, कमी त्रासाचा, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की कुठलाच नाही. कोरडेपणा द्रावाने येतो, पाणी पिऊन तो जरा कमी वाटतो, पण सूज पाण्याने उतरत नाही. बंद करा, तलफ येईल त्यासाठी चघळायच्या गोळ्या देते, आणि तीन आठवडे मोठ्याने बोलायचं नाही, वाचायचं तर नाहीच. सिगरेटकडे परत जाऊ नका, हे तिने दोनदा सांगितलं. मी उठलो तेव्हा ती म्हणाली, “काकूंना माहीत आहे का?” मी नाही म्हणालो. “मग तीन आठवडे का वाचत नाही, हे त्यांना काय सांगाल?” हा प्रश्न औषधाच्या कागदावर नव्हता, पण तिने तो त्याच आवाजात विचारला.

घरी यायला पाच मिनिटं लागतात. मला पाऊण तास लागला. अभ्यासिकेच्या दाराशी मुलं स्कूटरवर बसून चहा पीत होती, त्यातला एक पांढरी वाफ सोडत होता, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि खोडत होतो. एक असं जुळवलं की त्यात नळी येत होती पण पानं गाळल्याचं येत नव्हतं. ते चांगलं वाक्य होतं. घसा सुजलाय, डॉक्टरांनी वाचू नका म्हटलंय, चूक माझीच, हे एक व्यसन होतं ते सोडतो. यात खोटं काहीच नव्हतं, आणि सांधा दिसत नव्हता.

मंदा खुर्चीत होती. मी चपला काढल्या, तिच्यासमोरच्या खुर्चीत बसलो आणि ते वाक्य म्हणालो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “मला माहीत आहे ते. धूर दिसतो मला.” मी म्हणालो, कसा दिसेल, मी तर तुझ्यासमोर कधी उभा राहिलो नाही, कोपऱ्यात उभा राहायचो. “कोपऱ्यातच तर दिसतं मला,” ती म्हणाली. “समोर उभे राहिला असतात तर नसता दिसला. दिवाळी झाल्यापासून बघतेय, दाराच्या कडेला पांढरं पांढरं हलतं. आधी वाटलं, डोळ्यातच काही नवीन झालं. मग पुदिन्याचा वास आला.” तीन वर्षं मीच लोकांना समजावून सांगत होतो की तिला कान दिसतो, चेहरा दिसत नाही. “उदबत्ती बंद केलीत तेव्हा मात्र मला राग आला,” ती म्हणाली. “म्हटलं, बघू, कधी सांगतात. पण ते असू दे. पुस्तक का गाळत होतात?”

तिने हे विचारलं तेव्हा तिचा आवाज बदलला, किंवा मला तसं वाटलं. मी विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली की त्या बाईच्या आधीच कळलं होतं. मोजणीदार नदीच्या अलीकडे होता आणि एकदम पलीकडच्या गावात जेवायला बसला, आणि एवढ्या बारकाईने लिहिणारा माणूस नदी ओलांडल्याचं लिहिणार नाही, असं होत नाही. म्हणून सलिलला पुस्तक शोधायला सांगितलं. “मला वाटलं, कंटाळलात. रोज रोज वाचायचा कंटाळा आला. तेही चाललं असतं हो, माणूस कंटाळतो. पण मग वाटलं, यांना वाटत असेल, हिला काय कळतंय. दिसत नाही, तर वाचलं काय आणि गाळलं काय.” तिने साडीचा पदर मांडीवर सरळ केला. “ते मला सहन झालं नाही.”

मी म्हणालो, दम पुरत नव्हता. ती म्हणाली, मग थांबायचं. मी म्हणालो, थांबलो असतो तर तुला कळलं असतं. काय कळलं असतं, असं तिने विचारलं. की मी सोडली नाही. की तुझ्या डोळ्यांसाठी एक गोष्ट कबूल केली, तीही झाली नाही. की वाचता येतं म्हणून मी या घरात काहीतरी आहे, आणि आता तेही येत नाही. यातलं मी काही म्हणालो आणि काही म्हणालो नाही. तिने पुरतं ऐकलं. मग म्हणाली, “तीन आठवडे ना? बाई वाचेल तोपर्यंत. पण तिला दुसरं पुस्तक देऊ. हे तुम्हीच संपवायचं.”

सलिलला मी फोन करून नळी परत घेऊन जा म्हणालो, तर तो म्हणाला, “मामा, ठेवा हो, लागली तर.” मंदाने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला विचारलं, तू रविवारी येतोस की मी वाघोलीला येऊ. तो रविवारी आला, बिचारा मान खाली घालून दोन तास बसला, आणि येताना उदबत्तीचा पुडा घेऊन आला. पहिले दहा दिवस वाईट गेले. मी दोनदा टपरीपर्यंत गेलो. एकदा पैसे पुढे केले आणि सुपारी घेऊन परत आलो. सांगायची गरज नव्हती, पण ते मी मंदाला सांगितलं. ती म्हणाली, “सुपारी तरी चांगली होती का?” तेराव्या का चौदाव्या दिवशी सकाळी जिना चढून वर आल्यावर माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या मजल्यावर मी थांबलो नव्हतो. छातीतला घट्टपणा अजून आहे. चैताली म्हणते, वर्षभर लागेल, आणि काही भाग तसाच राहील. वयही आहे. मी तिला विचारलं की पूर्वीसारखं एका दमात पान वाचता येईल का, तर ती सरळ म्हणाली, “नाही, काका.” मला ते ऐकून बरं वाटलं, हे विचित्र आहे.

मेच्या पहिल्या सोमवारी पाच वाजता मी पुस्तक उघडलं. गाळलेलं परत वाचू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते ऐकून झालंय, पुढचं वाचा. पुढे मोजणीदार एका गावी येतो, तिथे दोन भावांच्या शेतांमधला बांध मोजायचा असतो, सगळं गाव जमलेलं असतं, आणि वाक्य सुरू होतं ते अकरा ओळींनी संपतं. मी ते आधी नजरेने वाचून पाहिलं नाही. चौथ्या ओळीपर्यंत ठीक गेलं. पाचवीत आवाज चिरका झाला. सहाव्या ओळीवर, साखळीचं एक टोक धाकट्या भावाच्या हातात आहे आणि दुसरं टोक कुणी धरायचं ते ठरत नाही, तिथे छाती भरून आली आणि पुढचा शब्द तोंडातून येईना. खाली नवव्या ओळीत तोच ‘टोक’ शब्द मला दिसत होता.

“दम लागला,” मी म्हणालो.

“मग घ्या,” ती म्हणाली.

मी ओळीवर बोट ठेवून बसलो. खोकला आला, दोनदा, आणि थांबला. खालून कुणीतरी स्कूटर चालू करण्याचा प्रयत्न करत होतं. मंदाने काही विचारलं नाही, पाणी आणायला उठली नाही, घाईही केली नाही. इतका वेळ मी कुणाला कधी ताटकळत ठेवलं नव्हतं. मग सहाव्या ओळीवर परत आलो, आणि उरलेलं वाक्य वाचलं.